आप्पा, तुमच्या जागेची मुलाखत

आप्पा, परवा तुमच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. आपल्याच खोलीत, त्याच टेबलावर. हे ऐकल्याबरोबर तुम्ही म्हणाला असतात, "कुणाला घेतलं ते सांगा की आधी!" सांगणार नाही. फौंड्रीत इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून माणसं निवडली, आणि दर वेळी समोरचा बोलत असतानाच तुम्ही पेनाला टोपण लावून टाकायचात. टोपण लागलं की तुमचा निकाल लागला. मी आपली उरलेले प्रश्न विचारत बसायची. या वेळी तुम्हाला शेवटपर्यंत थांबावं लागेल.

तुम्ही गेलात, तुमच्या मातीला आठवडाही झाला नव्हता तेव्हा धाकटे मालक माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण प्रॉडक्शनला माणूस लागणारच," म्हणाले. चुकीचं काही बोलत नव्हते. भट्टी कुणासाठी बंद राहत नाही, आणि तुमच्यासाठी बंद ठेवली असती तर तुम्हीच पहिल्यांदा शिव्या दिल्या असत्या. मी मान हलवली. ते गेल्यावर जाहिरात लिहायला बसले. 'उत्पादन व्यवस्थापक पाहिजे' एवढं लिहून झालं आणि तिथंच थांबले. मला भीती वाटत होती, आप्पा. आता मी तुमच्यासारखा माणूस शोधत बसणार आणि समोर येईल त्याला, तो तुम्ही नाही एवढ्याच कारणावरून, घरी पाठवणार. एचआरची बाई म्हणून पगार घेते, आणि एक जागा सरळपणे भरता येईना असं व्हायला नको होतं.

आपली ओळखसुद्धा मुलाखतीतच झाली. गारगोटीहून एसटीनं आले होते. बाहेरच्या बाकावर बसून पाठ केलेली उत्तरं पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. आत बोलावलं. तुम्ही आणि थोरले मालक बसला होतात. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात,

"बसा. गाव कुठलं?"

"गारगोटी."

"म्हंजे माहेर का सासर?"

झालं. माझं डोकं फिरलं. "सर, मी नोकरीसाठी आले आहे. माझ्या गावाचा या कामाशी काय संबंध?" थोरले मालक पाण्याचा ग्लास तोंडाशी नेता नेता थांबले. मला वाटलं, आता उठून जावं हे बरं. तुम्ही मात्र खुर्चीत मागं रेलून हसायला लागलात.

"काय संबंध न्हाय. पर बघा, आवाज तर निघाला की! आत आलासा तवा नुसतं ओठ हलत हुतं."

त्या रागात मी पुढच्या सगळ्या प्रश्नांची अशी फाडफाड उत्तरं दिली की पाठ केलेलं एकही वाक्य वापरावं लागलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ठरवून टाकलं की ही नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. "अक्का, सोमवारपासनं या." तुमच्या मुलीच्या वयाची मी, आणि तुम्ही मला पहिल्या दिवसापासून अक्का केलंत. तुमच्या गडहिंग्लजकडच्या बोलीत थोरल्या बहिणीला तसं म्हणतात, हे मला नंतर कळलं. तोवर सगळी फौंड्री मला अक्का म्हणायला लागली होती.

नोकरी लागली आणि भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, माणसानं आपल्या गावाचं नाव घेतलं की तो सैल होतो, आणि सैल झाल्याशिवाय खरं बोलत नाही. माझं म्हणणं, आपल्याकडं गावावर कुणी थांबत नाही. गावानंतर आडनाव, आडनावानंतर मामाचं गाव, मग कोण कुणाचा पाव्हणा. ही मुलाखत म्हणायची की सोयरिकीची बैठक? ज्याचं गाव ओळखीचं निघालं तो जिंकला, आणि ज्याचं निघालं नाही त्यानं काय करायचं? तुम्ही म्हणायचात, "आमी काय गाव बघून घेतोय व्हय?" मी म्हणायची, "तुम्ही नाही हो, पण बाहेर बसलेल्याला ते कसं कळणार?" मग तुम्ही चहा मागवायचात. चहा मागवला की विषय संपला, असं तुम्हीच एकतर्फी ठरवून टाकलं होतं.

आणि मग कूलरचं प्रकरण झालं. ते तुम्हाला तिकडंही ऐकावं लागेल. मेंटेनन्सच्या जागेसाठी मुलाखती होत्या, आणि मी फोनवर बोलायला बाहेर गेले होते. बाकावर एकजण बसलेला. तुम्ही त्याला आत घेतलंत. "या पावणं, बसा. गाव कुठलं?" तो म्हणाला मुडशिंगी. मुडशिंगीत तुमची थोरली बहीण दिलेली, मग काय विचारता! तिच्या दिरांपासून सुरुवात झाली. थोरले मालक त्यात फुटबॉल घेऊन शिरले. मी परत आले तेव्हा चहा येऊन गेला होता आणि तुम्ही म्हणत होतात, "अक्का, पोरगं झ्याक हाय. घिऊया." मी आपलं सवयीनं विचारलं, मशिनरीचा अनुभव किती? तो बिचारा उभा राहिला आणि दोन पायांमधली हत्यारांची पिशवी उचलत म्हणाला, "मॅडम, मी पाण्याचा कूलर दुरुस्त कराय आलतो."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"मोठी माणसं गावाची चौकशी करालीत, मधीच कूलरचं कसं काढू?"

खरा उमेदवार गेटवर वॉचमनला आपलं गाव सांगत उभा होता. तुम्ही दिवसभर माझ्या नजरेला नजर दिली नाहीत.

त्यानंतर नियम झाला. गावाची चौकशी मुलाखत संपल्यावर, चहाच्या वेळी. तोवर फक्त कामाचं. तुम्ही तो नियम पाळलात हे मी मान्य करते, पण साखर बंद केलेल्या माणसानं लग्नात जिलेबीकडं बघावं तसं तुम्ही समोरच्याकडं बघायचात. मग तुम्ही एक नवीन प्रश्न शोधून काढलात. "न्याहारी झाली काय?" नाही म्हणाला की कॅन्टीनमधून पोहे. झाली म्हणाला आणि तुम्हाला खरं वाटलं नाही, तरी पोहे. "उपाशी माणूस अर्धं इसरतोय," म्हणायचात. या प्रश्नावर माझा काही आक्षेप नव्हता. उलट मीच कॅन्टीनला आदल्या दिवशी सांगून ठेवायला लागले.

मुलाखत घ्यायला मी कॉलेजात शिकले होते, आप्पा. परीक्षेत चांगले मार्क मिळाले होते. पण सकाळी लवकर येऊन उमेदवाराच्या खुर्चीत स्वतः बसून बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा तुम्हाला तिथं बसलेलं पाहिलं तेव्हा वाटलं, दमलात. तुम्ही डोळे बारीक करून खिडकीकडं बघत होतात. "हितनं ऊन थेट डोळ्यात येतंय. बिचारं पोरगं आपल्याकडं बघणार कसं? आन आपण म्हणणार, नजर चुकवतोय." त्याच दिवशी टेबल फिरवलंत. पंखा कागद उडवतोय का, खुर्ची कुरकुरते का, पाण्याचा ग्लास हाताला पोचतो का, सगळं तिथं बसून बघायचात. अर्ज आदल्या दिवशी घरी नेऊन वाचायचात, आणि माणूस समोर असताना मी अर्जाची पानं उलटायला लागले की तुमच्या कपाळावर आठी. "पंगतीला बसलेल्या पाव्हण्याला तू कोण म्हणून इचारल्यागत वाटतंय." आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. ते मला सगळ्यांत जड गेलं. समोरचा अडखळला की मला राहवायचं नाही, मी मदतीला धावायची. तुम्ही टेबलाखाली हात आडवा धरायचात, थांबा म्हणून. आणि खरंच, जरा थांबलं की तो स्वतःच खरं उत्तर शोधून काढायचा.

रविवारी सकाळी शिवाजी पेठेतल्या तुमच्या तालमीच्या वरच्या खोलीत पोरांची मुलाखतीची तयारी करून घ्यायचात, तिथं एकदा मला ओढून नेलंत. ज्यांना शिकवलंत त्यांची मुलाखत आपल्याकडं असली की तुम्ही त्या दिवशी खोलीतच यायचा नाहीत, म्हणून त्यावरून भांडायची मला संधी मिळाली नाही. मला वाटलं होतं तुम्ही साहेब होऊन बसाल आणि पोरं उत्तरं देतील. उलटंच निघालं. पोरांना साहेब केलंत आणि तुम्ही उमेदवार झालात. खांदे पाडून बसलात, नखं खाल्लीत, विचारलेलं सोडून भलतंच सांगितलंत. पोरं हसून हसून लोळत होती. आणि हसता हसता, आपण समोरच्याला कसे दिसतो ते त्यांना कळत होतं. शेवटी एका मुलीनं तुम्हाला विचारलं, "आप्पा, तुमाला ही नोकरी कशाला पायजे?" तुम्ही नाटक विसरलात. खांदे सरळ केलेत आणि म्हणालात, "मला माणसं बघाय आवडत्यात गं."

निघताना त्या सगळ्यांना सांगितलंत, "शेवटी ते इचारतील, तुमाला काय इचारायचं हाय काय. तवा पगार न्हाय इचारायचा. त्या खुर्चीत तुमच्या आधी कोण बसत हुतं, आन त्यानं का सोडली, हे इचारा. त्यावरनं कंपनी कळतीया." मी जिन्यात तुम्हाला म्हटलं, आपल्याकडं कुणी असं विचारलं तर आपली पंचाईत होईल. तुम्ही म्हणालात, "हू दे की. आपली पंचाईत आपणच करायची."

नाही म्हणायचे फोनही तुम्हीच करायचात. मेसेज पाठवू, सगळीकडं तसंच करतात, असं मी कितीदा सांगितलं. "एवढ्या लांबनं आलेलं माणूस, त्याला कारण कळाय नगो?" म्हणून तुम्ही जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन कॅन्टीनच्या मागं जायचात. चांगली बातमी मी द्यायची आणि वाईट तुम्ही, अशी वाटणी कधी झाली ते आठवत नाही. तुमच्या मातीला आपण नाकारलेली माणसं आली होती, आप्पा. घेतलेली येणारच होती. एकजण माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, मला वळखलं न्हाईसा. मला आप्पांनी न्हाय म्हणाय फोन केलता. वेल्डिंग शिकून घे म्हणालते. शिकलो." एवढं बोलून तो गर्दीत गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. मी तिथंच रडले, आधी घरी रडू आलं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दिवशी गारगोटीहून निघाले तेव्हा मी सासर सोडून आलेली होते. माहेरी आईनं घरात घेतलं होतं, पण भाऊ बोलत नव्हता आणि वहिनी किती दिवस म्हणून विचारत होती. 'गाव कुठलं' या तुमच्या प्रश्नाला पुरुषापाशी एक उत्तर असतं. बाईपाशी दोन असतात, आणि त्या दिवशी माझ्यापाशी धड एकही नव्हतं. माहेर म्हणावं तर का आलीस असं होणार, सासर म्हणावं तर खोटं. म्हणून मी तशी भडकले. नंतर इतकी वर्षं मी तुमच्याशी तत्त्वावर भांडले. ते तत्त्व खरंच होतं, अजूनही ते माझ्या मतानं बरोबर आहे. पण त्याच्या तळाशी ही एसटीतली बाई होती.

तुम्हाला ते कळलं होतं का? माझा संशय आहे की कळलं होतं. तुम्ही सगळ्या जिल्ह्याचे पाव्हणे काढलेत, चहा द्यायला येणाऱ्या बाईच्या आजोळापर्यंत पोचलात, आणि मला मात्र त्या दिवसानंतर एकदाही विचारलं नाहीत. ऑफिसात नवीन कुणी माझ्या मिस्टरांची चौकशी करायला लागला की तुम्ही मध्येच पेठेतल्या सामन्याचा विषय काढायचात. मॅच कुठली, गोल कुणाचा, काही मेळ नसायचा. मी मनात म्हणायची, काय या माणसाला फुटबॉलचं वेड! आता एकेक प्रसंग आठवतो आणि कळतं की त्यातल्या निम्म्या वेळी सामनाच नव्हता. याबद्दल आभार मानायचे होते, आप्पा. निवृत्त व्हाल तेव्हा मानू, समारंभात भाषण करायला लावतीलच, असा माझा हिशेब होता. तुम्ही तेवढा दम धरला नाहीत.

तर परवाची गोष्ट. सकाळी लवकर गेले. शिपायानं तुमची खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली होती, ती मी पुन्हा टेबलापाशी ओढली. मग उमेदवाराच्या खुर्चीत जाऊन बसले, तुमच्यासारखी. समोर तुमची रिकामी खुर्ची, पाठीला लावायची ती उशी अजून तशीच. जरा वेळ बसले. ऊन डोळ्यांवर येत नव्हतं, ग्लास हाताला पोचत होता. उठले आणि पहिल्याला आत बोलवायला सांगितलं.

जे होऊ नये म्हणत होते तेच व्हायला लागलं. पहिला हुशार होता, पण माझ्या मनात, आप्पा असं बोलले नसते. दुसऱ्याचा अनुभव मोठा, पण आप्पांनी असं टेबलावर कोपर टेकलं नसतं. धाकटे मालक माझ्याकडं झुकून "चांगला आहे की, मॅडम," म्हणाले, आणि मी उगीच मान हलवली. काय चुकलं त्या माणसाचं? एवढंच, की तो तुम्ही नव्हता.

मग राजश्री नावाची एक बाई आली. दुसऱ्या एका फौंड्रीत कोअर शॉपपासून, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे करायच्या खात्यापासून, चढत शिफ्टच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेली. धाकटे मालक खुर्चीत जरा ताठ बसले. तुमच्या जागी बाई ही कल्पना त्यांनी केलेली नव्हती. मी विचारलं, "न्याहारी झाली का?" ती म्हणाली, "न्हाय ओ मॅडम. लेकीचा डबा भरला, माझंच ऱ्हायलं." पोहे आले. तिनं ते लाजत नखरे करत बाजूला सारले नाहीत, बोलता बोलता संपवले. तुमचा लाडका प्रश्न मी सगळ्यांना विचारत होते: माल रिजेक्ट झाला तेव्हा पहिला फोन कुणाला केलात? आधीचे दोघे म्हणाले होते, साहेबांना. ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला. ट्रक वाटंत हुता. म्हटलं, उतरून घेऊ नगासा, खराब हाय. साहेब लई तापले माझ्यावर."

मी गप्प बसले, तुम्ही शिकवल्याप्रमाणं. ती आपणहून पुढं म्हणाली, "चूक माझ्या शिफ्टचीच हुती. साच्याच्या वाळूत वल ऱ्हायलती." आप्पा, इथं तुमचं टोपण लागलं असतं. मी तुमच्या खुर्चीकडं बघितलं. तुम्ही या बाईसारखे अजिबात नव्हता. तुम्ही एवढं मुद्द्याचं कधी बोलला नाहीत. आणि तरी मला चालत होतं.

शेवटी मी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" आधीच्या दोघांनी पगार आणि सुट्ट्या विचारल्या होत्या. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"ह्या जागंवर आधी कोण हुतं? आन त्यांनी का सोडली?"

तुमचाच प्रश्न. तालमीच्या वरच्या खोलीतून कुणा पोरीच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचला की तिचा तिनंच काढला, देव जाणे. मला सांगायचं होतं की त्यांनी सोडली नाही. त्यांना ही जागा सोडायची नव्हती, त्यांना माणसं बघायला आवडायची. सगळं तयार होतं. धाकटे मालक अर्जाची पानं उलटायला लागले. माझे नुसते ओठ हलत होते.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तुमच्या खुर्चीकडं, त्या उशीकडं बघितलं. तिला कळलं. उठून तिनं जगमधून पाणी ओतलं, ग्लास माझ्यापुढं ठेवला, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाली,

"मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

"गारगोटी," मी म्हणाले.

आवाज निघाला, आप्पा. माहेर का सासर ते तिनं विचारलं नाही. मग मी तिला तुमच्याबद्दल सांगायला लागले, उन्हाचं, पोह्यांचं, न्हाय म्हणायच्या फोनांचं, कूलरवाल्याचंसुद्धा, आणि सगळं सांगून झाल्यावर पेनाला टोपण लावलं.